फेअरफॅक्सच्या सरकारी हायस्कूलमधला आयबी डिप्लोमा: काय पदरात पडतं, कुठे अडतं

व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत घर घेताना मराठी कुटुंबं शाळेची हद्द बारकाईनं पाहतात. त्या हद्दीतलं हायस्कूल एपीचं (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे सुटे कोर्स) आहे की आयबीचं (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे दोन वर्षांचा एकसंध डिप्लोमा), हा प्रश्न मात्र बऱ्याच घरांत मूल आठवीत गेल्यावर निघतो. काउंटीच्या बहुतेक हायस्कुलांत एपी आहे. मार्शल, साउथ लेक्स, रॉबिन्सन, एडिसन अशा मोजक्या शाळांत आयबी. आमचं मत आधीच सांगून टाकतो. लिहायला आणि स्वतःच्या प्रश्नाचा शेवटपर्यंत पाठपुरावा करायला शिकवणारा, आयबीहून चांगला अभ्यासक्रम सरकारी शाळेत मिळणं कठीण. निव्वळ कॉलेजची क्रेडिटं (पदवीच्या हिशेबात आधीच धरले जाणारे कोर्स) जमवायला तो घेतला तर निराशा होते. आणि तो अर्धवट सुटतो, तेव्हा कारण बहुधा अभ्यासाचा अवघडपणा नसून वेळापत्रक असतं.

आधी रचना. आयबी ही १९६८ साली जिनिव्हात स्थापन झालेली ना-नफा संस्था. तिचा डिप्लोमा अकरावी-बारावी अशा दोन वर्षांचा. सहा विषय: मुख्य भाषा आणि साहित्य, दुसरी भाषा, इतिहास-अर्थशास्त्राच्या गटातला एक, विज्ञान, गणित, आणि सहावा कला गटातला किंवा त्याऐवजी आधीच्या गटांतला आणखी एक. यांतले तीन विषय हायर लेव्हलला, म्हणजे सुमारे २४० तासांचे. उरलेले स्टँडर्ड लेव्हलला, सुमारे १५० तासांचे. शिवाय गाभ्याचे तीन भाग: ४००० शब्दांपर्यंतचा एक्स्टेंडेड एसे, म्हणजे स्वतंत्र शोधनिबंध, ज्ञान म्हणजे काय याची चिकित्सा करणारा टीओके (थिअरी ऑफ नॉलेज), आणि कॅस, म्हणजे कला, शारीरिक हालचाल व सेवा.

प्रत्येक विषयाला ७ पैकी गुण, गाभ्याला जास्तीत जास्त ३, एकूण ४५. डिप्लोमाला २४ लागतात. जगभरची सरासरी तिसाच्या आसपास राहते, त्यामुळे ३० गुण मिळवलेल्या मुलाकडे खट्टू नजरेनं बघू नये. मात्र २४ हा आकडा एकटा पुरत नाही. हायर लेव्हलच्या तीन विषयांत मिळून किमान १२ आणि स्टँडर्डच्या तीनांत ९ हवेत, कुठल्याही विषयात १ चालत नाही, आणि एसे किंवा टीओकेत ई (सर्वांत खालची) श्रेणी आली तर बाकी ४० गुण असले तरी डिप्लोमा जातो. कॅस अपुरा राहिला तरी तेच. आपल्याकडच्या टक्केवारीच्या सवयीमुळे पालक एकूण बेरजेकडे पाहतात. इथे बारीक अटी पाहाव्या लागतात.

पैशाची बाजू इतकी भक्कम आहे की ती थोडक्यात सांगून पुढे जाता येतं. परीक्षेची फी विषयाला सुमारे १२० डॉलर, म्हणजे सहा विषयांचे सातशेच्या पुढे. फेअरफॅक्समध्ये ही फी काउंटी भरत आली आहे. तुमच्या वर्षाची स्थिती शाळेत विचारून घ्या. पुण्या-मुंबईतल्या खासगी शाळा याच डिप्लोमासाठी दर वर्षी लाखांत फी घेतात. घराची शाळा एपीची असेल तर आयबीच्या शाळेत बदलीसाठी अर्ज करता येतो, उलटही करता येतो. पण बदली घेतली की काउंटीची पिवळी बस मिळत नाही. सकाळी आणि प्रॅक्टिसनंतर संध्याकाळी ने-आण कोण करणार, हे अर्जाआधी ठरवा. जीपीएत (शाळेच्या श्रेणींच्या सरासरीत) एपी आणि आयबी दोन्हींना सारखंच वाढीव वजन आहे, आणि त्यात हायर-स्टँडर्ड असा भेद नाही. म्हणून जीपीएसाठी हायर लेव्हल विषयांचा ढीग करण्यात काही हशील नाही. तीन पुरेत, चार घेणारी मुलं बारावीच्या हिवाळ्यात चौथा सोडायला धावतात.

आता वेळापत्रक, जिथे खरी गाठ बसते. शाळेत साधारण सात विषयांची जागा असते. सहा आयबीचे आणि सातवा टीओके: जागा संपली. नववीपासून ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलाला ते पुढे चालू ठेवायचं असेल, तर शाळा आयबी म्युझिक देते का आणि ऑर्केस्ट्राचा तास त्यात बसतो का, हे आठवीतच विचारावं. शिवाय राज्याच्या अटी आहेतच. व्हर्जिनियात पदवीधर होण्यासाठी आरोग्य व शारीरिक शिक्षणाची दोन वर्षं आणि अर्थशास्त्र व वैयक्तिक अर्थव्यवहाराचा एक कोर्स लागतो. हा दुसरा कोर्स नववी किंवा दहावीनंतरच्या उन्हाळ्यात ऑनलाइन उरकून टाकावा. बारावीसाठी राखून ठेवला की टीओके आणि तो एकाच तासावर आदळतात, आणि काउन्सेलरकडे तेव्हा उपाय नसतो. अमेरिकेचा इतिहास आणि शासनव्यवस्था या अटी आयबीच्या 'हिस्टरी ऑफ द अमेरिकाज'मधून भागतात का, हे लेखी तपासून घ्या. भागत असतील तर हायर लेव्हल इतिहास हा वेळ वाचवणारा विषय ठरतो.

भाषेबाबत सगळ्यात जास्त मुलं चुकतात. दुसरी भाषा ही डिप्लोमाची सक्तीची बाजू आहे आणि ती अकरावीत अचानक सुरू होत नाही. सातवी-आठवीत स्पॅनिश किंवा फ्रेंच सुरू केलेलं मूल दहावीपर्यंत तीन-चार पायऱ्या चढतं, मग अकरावी-बारावीत त्या भाषेचा 'बी' (आधी शिकलेल्यांसाठीचा) कोर्स घेतं. 'दोन वर्षं झाली, आता विज्ञानाला जागा करू' म्हणून दहावीत भाषा सोडली की डिप्लोमाचा रस्ता तिथेच बंद होतो. अगदी नवख्यांसाठी 'अब इनिशिओ' नावाचा कोर्स असतो, पण तो स्टँडर्डलाच मिळतो, सगळ्या शाळा देत नाहीत, आणि ती भाषा आधी शिकलेल्या मुलाला तो घेता येत नाही. मराठी घरांतून 'हिंदी चालेल का' असं विचारलं जातं. आयबीच्या यादीत हिंदी आहे. तुमच्या शाळेत शिकवणारं कुणी आहे का, एवढाच प्रश्न, आणि सरकारी शाळांत उत्तर बहुतेकदा 'नाही' असतं.

गणितात दोन वाटा आहेत. 'अॅनालिसिस अँड अॅप्रोचेस', म्हणजे एए, ही बीजगणित-कॅल्क्युलसची. 'अॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन', म्हणजे एआय, ही संख्याशास्त्र आणि मॉडेलिंगची. इंजिनिअरिंग, भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्राकडे जायचं असेल तर एए. एए हायर लेव्हलला दहावी संपेपर्यंत प्रीकॅल्क्युलस झालेलं हवं, म्हणजे अल्जेब्रा वन सातवीत. ते आठवीत झालं असेल तर एए स्टँडर्ड हा शहाणपणाचा पर्याय आहे, त्यात कमीपणा काही नाही. एएचा पहिला पेपर कॅल्क्युलेटरशिवाय असतो. दोन वर्षं टीआय-८४च्या भरवशावर गेलेल्या मुलांना तिथे त्रिकोणमितीच्या साध्या किमतीही आठवत नाहीत. अकरावीपासून आठवड्यातून एकदा तासभर कॅल्क्युलेटर कपाटात ठेवून सराव करणं हा यावरचा एकमेव उपाय.

भौतिकशास्त्राबद्दल एक स्पष्ट तक्रार. आयबीचं हायर लेव्हल फिजिक्स विस्तारानं मोठं आहे, पण त्यात कॅल्क्युलस वापरत नाहीत. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकलकडे निघालेल्या मुलाला एपी फिजिक्स सीनं जी तयारी मिळते ती इथे मिळत नाही, आणि अनेक इंजिनिअरिंग कॉलेजं कॅल्क्युलसवर आधारलेल्या पहिल्या कोर्सचं क्रेडिट यावर देत नाहीत. पहिल्या सत्रात तो कोर्स कॉलेजात करावा लागेल हे धरून चाला. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र हायर लेव्हल याच्या उलट: दोन्ही भरगच्च, आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षी त्यांचा उपयोग होतो.

प्रत्येक विषयात अंतर्गत मूल्यमापन असतं, ज्याला मुलं 'आयए' म्हणतात. विज्ञानात ते २० टक्क्यांचं: मुलानं स्वतः आखलेला प्रयोग, ३००० शब्दांपर्यंतचा अहवाल. गणितात तेवढ्याच वजनाचा शोधनिबंध, साधारण १२ ते २० पानं. अर्थशास्त्रात ताज्या बातम्यांवर प्रत्येकी ८०० शब्दांची तीन भाष्यं. इतिहासात २२०० शब्दांचा शोध. हे सगळं आधी शिक्षक तपासतात, मग आयबी नमुन्यादाखल काही अहवाल मागवून शिक्षकांचे गुण पडताळते. शिक्षकांनी सढळ हातानं गुण दिले असतील तर नमुन्यावरून अख्ख्या वर्गाचे गुण खाली येतात. 'वर्गात ६ होते, निकालात ५ कसे?' या जुलैतल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं. म्हणून तो विषय आयबीसाठी किती वर्षं शिकवताय, हे शिक्षकांना विचारण्यात संकोच नको.

विज्ञानाच्या आयएत मुलं सहसा तीन ठिकाणी घसरतात. बदलणारी गोष्ट पुरेशा पातळ्यांवर बदलत नाहीत (पाच पातळ्या आणि प्रत्येकीची किमान तीन वाचनं ही शिक्षक सांगतात ती जुनी रीत अजूनही चांगली), मोजमापातली अनिश्चितता लिहीत नाहीत, आणि शेवटच्या चिकित्सेत 'मानवी चूक झाली असावी' असं मोघम वाक्य टाकतात. नेमकी कुठली चूक, तिनं आकडा वर नेला की खाली, आणि साधारण किती, हे लिहिलं की गुण वाढतात. प्रयोग अकरावीच्या वसंतातच करून घ्यावा. बारावीच्या शरदात प्रयोगशाळेत रांग लागते.

एक्स्टेंडेड एसे हा या डिप्लोमाचा आत्मा आहे, आणि तो चांगला झाला तर बाकी सगळ्या श्रमांचं चीज होतं. मूल स्वतः प्रश्न निवडतं, एक शिक्षक मार्गदर्शक असतो, त्यानं एकूण तीन ते पाच तास द्यावेत अशी अपेक्षा असते, आणि पूर्ण मसुद्यावर त्याला एकदाच शेरे देता येतात. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. अर्धाकच्चा मसुदा दिला की ती एकमेव संधी शुद्धलेखनात आणि मांडणीत खर्च होते. युक्तिवादावर बोलायला जागा उरत नाही. मार्गदर्शकाच्या हाती जाणारा मसुदा संपूर्ण असावा: प्रस्तावना, निष्कर्ष, संदर्भ सगळं धरून. ४००० शब्दांची मर्यादा कडक आहे. परीक्षक त्यापुढे वाचत नाहीत, आणि निष्कर्ष शेवटी असल्यामुळे तोच कापला जातो.

एसे पडतो तो बहुधा प्रश्नाच्या रुंदीमुळे. 'हवामानबदलाचा शेतीवर परिणाम' हा विषय आहे, त्यातून प्रश्न अजून निघायचा आहे. प्रश्नात काळ, जागा आणि मोजता किंवा वादता येईल अशी एक गोष्ट हवी. मराठी घरातल्या मुलांसाठी इतिहास विषयात एक सुरेख शक्यता आहे, आणि ती फार कमी वापरली जाते. उदाहरणार्थ: 'संयुक्त महाराष्ट्राची मागणी मान्य होण्यात १९५७च्या निवडणूक निकालांचा वाटा कितपत होता?' किंवा '१९७२-७३च्या दुष्काळात महाराष्ट्र सरकारच्या रोजगाराच्या कामांनी गावांतलं स्थलांतर कितपत रोखलं?' इतिहासाच्या एसेला गेल्या दहा वर्षांतल्या घटना चालत नाहीत, त्यामुळे हे विषय बसतात. लेखन इंग्रजीत, पण साधनं मराठी चालतात. उताऱ्याचा अनुवाद स्वतः केल्याचं नमूद करावं. आजोबांची मुलाखत ही एक साधन म्हणून छान, पण तिच्यावरच इमारत उभी करू नये. त्या मुलाखतीच्या शेजारी त्या काळातली वर्तमानपत्रं, सरकारी अहवाल आणि किमान दोन वेगळ्या मतांचे अभ्यासक हवेत. मराठी वाचता येणाऱ्या मुलापाशी जी साधनं आहेत ती वर्गातल्या दुसऱ्या कुणापाशी नसतात, आणि परीक्षकाला ते लगेच दिसतं.

एसेचा नियमावली-संच मे २०२७च्या परीक्षेपासून बदलला आहे: स्वतःच्या कामावरच्या चिंतनाचा भाग आता ५०० शब्दांचं एक सलग निवेदन आहे, आणि दोन विषय जोडून लिहिण्याची वाट मोकळी झाली आहे. मोठ्या भावंडांची जुनी कागदपत्रं घेऊन बसू नका. आणि चॅटबॉटचा वापर लपवू नका. शिक्षकांना काम मुलाचंच असल्याची ग्वाही द्यावी लागते, तोंडी प्रश्न विचारले जातात, आणि उल्लेख न करता घेतलेला मजकूर सापडला तर डिप्लोमाच धोक्यात येतो.

टीओकेचे दोन भाग: तीन वस्तूंचं प्रदर्शन, ९५० शब्दांपर्यंतचं, एकतृतीयांश वजनाचं, आणि १६०० शब्दांचा निबंध, आयबीनं दिलेल्या सहा शीर्षकांपैकी एकावर. वस्तू खऱ्या, विशिष्ट हव्यात. 'एक नकाशा' असं लिहून भागत नाही, कुठला नकाशा, कुणी काढला, हे हवं. एसे आणि टीओकेच्या श्रेणी मिळून ते ३ गुण ठरतात: अ आणि ब असं मिळालं तरी पूर्ण ३, दोन्ही क आले तर १.

कॅसला आता तासांची मोजणी नाही. साधारण १८ महिने सातत्य, किमान महिनाभर चालणारा एक प्रकल्प आणि नियमित चिंतन-नोंदी लागतात. रविवारच्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवणं सेवेत बसतं, गणेशोत्सवाच्या ढोल-ताशा पथकात नव्यानं सामील होणं हालचाल आणि कला दोन्हींत. पैसे मिळणारं काम किंवा वर्गाचाच भाग असलेलं काम चालत नाही. मुलं काम करतात पण नोंदी ठेवत नाहीत, मग बारावीच्या मार्चमध्ये दीड वर्षाच्या आठवणी एका रात्रीत लिहितात. महिन्याला एक नोंद आणि दोन फोटो, इतकं पुरे.

आता सगळ्यांत नाजूक काळ: बारावीचा सप्टेंबर ते जानेवारी. टीओकेची शीर्षकं सप्टेंबरात येतात, एसेचा अंतिम मसुदा याच सुमारास, तीन-चार विषयांचे आयए, आणि त्यावर १ नोव्हेंबरची, कॉलेजला लवकर अर्ज करण्याची 'अर्ली' मुदत. डिप्लोमा सोडणारी मुलं बहुधा इथे सोडतात. उपाय अकरावीतच आहे: एसेचा प्रश्न एप्रिलपर्यंत पक्का, पूर्ण मसुदा ऑगस्टच्या मध्यापर्यंत, विज्ञानाच्या प्रयोगाचे आकडे जूनपूर्वी हातात. याच उन्हाळ्यात दोन महिने भारतात जाऊन यायचं ठरवलं असेल, तर मसुद्याची तारीख विमानाच्या तिकिटाआधी ठरवा. आणखी एक सोय क्वचितच सांगितली जाते: स्टँडर्ड लेव्हलच्या जास्तीत जास्त दोन विषयांची परीक्षा अकरावीच्या मे महिन्यातच देता येते (अब इनिशिओ सोडून). शाळा परवानगी देत असेल तर जरूर घ्या. बारावीचा मे महिना खूप हलका होतो.

क्रेडिटांचं सांगायचं तर अमेरिकेत बहुतेक विद्यापीठं फक्त हायर लेव्हलच्या ५, ६ किंवा ७ गुणांना क्रेडिट देतात. स्टँडर्डला फारसं काही मिळत नाही. एपीत एका वर्षाच्या कोर्सला एक परीक्षा आणि त्यावर क्रेडिट, असा सरळ हिशेब असतो. त्या मापानं एपी स्वस्त पडतं. काही राज्यांत मात्र कायदा किंवा विद्यापीठाचे नियमच डिप्लोमाच्या बाजूनं आहेत: टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांना डिप्लोमा आणि सर्व परीक्षांत किमान ४ असलेल्या मुलाला निदान २४ सेमिस्टर-तास द्यावे लागतात, फ्लोरिडात ३०पर्यंत मिळू शकतात, कॅलिफोर्निया विद्यापीठ ३० किंवा जास्त गुणांच्या डिप्लोमाला २० सेमिस्टर युनिट देतं. अंतिम निकाल जुलैच्या सुरुवातीला लागतो, म्हणजे अमेरिकेतला प्रवेश त्याआधीच झालेला असतो. प्रवेशात दिसतो तो अभ्यासक्रमाचा कस. आयबीच्या शाळेत राहून दोन-तीनच आयबी कोर्स घेतले, तर तुलना शेजारच्या बाकावरच्या पूर्ण डिप्लोमावाल्या मुलाशी होते.

भारतात परतायचा विचार असेल तर आधीच आखणी हवी. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज पूर्ण डिप्लोमाला बारावीच्या समकक्ष मानते. सुट्या कोर्सांच्या प्रमाणपत्रांवर विसंबू नये. वैद्यकीयसाठी भौतिक, रसायन आणि जीव असे तिन्ही विषय लागतात, आणि नेहमीच्या सहा विषयांत तीन विज्ञानं मावत नाहीत. त्यासाठी 'नॉन-रेग्युलर डिप्लोमा'ची परवानगी शाळेच्या कोऑर्डिनेटरमार्फत आयबीकडून घ्यावी लागते, विद्यापीठाच्या प्रवेश-अटींचा पुरावा जोडून. हे दहावीच्या हिवाळ्यात विषय निवडतानाच सुरू करावं. अकरावी सुरू झाल्यावर हात बांधले जातात.

लिहायचा मनापासून कंटाळा असलेल्या पण गणित-विज्ञानात बुडालेल्या मुलाला आम्ही एपीच सुचवू. रोज तीन तासांचा स्पर्धात्मक खेळ असलेल्या मुलानंही दोनदा विचार करावा. बाकींनी शाळेच्या आयबी माहिती-संध्येला जाऊन गुळगुळीत सादरीकरण संपल्यावर कोऑर्डिनेटरला गाठावं. कुठले विषय हायर लेव्हलला दर वर्षी नक्की चालतात, आणि कुठले पुरेशी मुलं आली तरच? आयएच्या सगळ्या अंतर्गत मुदती एका कॅलेंडरवर आहेत का, की प्रत्येक शिक्षक आपापली ठरवतो? एका मार्गदर्शकाकडे किती एसे असतात? आणि उत्तीर्णांचं प्रमाण सांगतील तेव्हा ते कशाचं प्रमाण आहे, हे जरूर विचारा. शाळा साधारणपणे बारावीच्या मे महिन्यात पूर्ण डिप्लोमाला बसलेल्या मुलांमधून टक्केवारी काढतात. अकरावीच्या सप्टेंबरात सुरुवात केलेल्यांपैकी किती जणांच्या हाती डिप्लोमा आला, हा आकडा वेगळा मागावा लागतो.